इंदूअक्काची फळी

इंदूअक्काशी वाद घालण्यात काही अर्थच नसायचा, कारण ती वाद घालायचीच नाही. समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायची, पदराला हात पुसायची आणि उजवा तळवा पुढे करून म्हणायची, "दाखव." बस, एवढंच. दूधवाला म्हणाला आज दूध घट्ट आहे, तर दाखव. पंचायतीचा माणूस म्हणाला उद्यापासून नळाला रोज पाणी, तर दाखव. त्या तळव्यापुढे रामनगरातल्या भल्याभल्यांची बोलती बंद झालेली मी पाहिली आहे. माझी किती वेळा झाली ते तर विचारूच नका.

मी मूळची खानापूरची. इथल्या मराठी शाळेत बदली झाली आणि भाड्याचं घर मिळालं ते अक्काच्या कुंपणाला लागून. नवरा गणेशगुडीला, नदीकाठच्या एका लॉजच्या स्वयंपाकघराचा कारभार बघतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. घरात मी आणि सासूबाई. आलो त्या दिवशी सामानाच्या दोऱ्यासुद्धा सोडल्या नव्हत्या, तोच कुंपणातून एक उंच, सडपातळ बाई आत आली. पोर कडेवर घ्यावं तशी तिनं एक लाकडी फळी कडेवर घेतली होती.

"शाळेची बाई ती तूच न्हवं?"

"हो. बसा ना."

"बसायलाच आलोय. वाचायला येतंय न्हवं तुला?"

"येतं की," मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं. मास्तरणीला असं विचारतात होय?

"मग हाताला लागलेली धूळ पूस आन् सात उचल." तिनं खाकी कापडाची पिशवी माझ्यापुढे धरली. "आन् मला तुम्ही-बिम्ही म्हणायचं न्हाई. अक्का म्हणायचं, अगं-तुगं बोलायचं. तुम्ही म्हटलं की घरात कोण सायेब आलाय असं वाटतंय गे."

पिशवीत सागवानाच्या सोंगट्या होत्या. एकेका सोंगटीवर तापल्या तारेनं कोरलेलं एकेक अक्षर. अक्काचा नवरा, अण्णा, सुतार होता. मी आले तेव्हा तो जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा प्रसाद बेळगावला हॉस्टेलवर शिकायचा, तेव्हा सुट्टीत येताना त्यानं मित्राचा इंग्रजी अक्षरांचा खेळ आणला होता. बाप-लेक खेळत बसायचे आणि अक्का चुलीपुढून नुसती बघायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, सातवीपर्यंतचं मराठी मात्र पक्कं होतं. अण्णाच्या ते ध्यानात आलं. आठ दिवसांनी त्यानं उरलेल्या सागवानाच्या सोंगट्या आणि फणसाची फळी बायकोपुढे ठेवली. हे सांगताना अक्का दरवेळी म्हणायची, "लग्नात मंगळसूत्र दिलं ते सासऱ्यानं. ह्यांनी दिली ती फळी."

खेळ सोपा. फळीवर घरं आखलेली, मधलं घर कुंकवानं रंगवलेलं. प्रत्येकानं पिशवीत न बघता सात सोंगट्या उचलायच्या आणि आपल्यापुढे आडोशाला मांडायच्या. पहिला शब्द लाल घरावरून गेला पाहिजे. पुढचा प्रत्येक शब्द आधीच्या एखाद्या शब्दाला धरून, आडवा नाहीतर उभा. जेवढ्या सोंगट्या लावल्या तेवढ्या पिशवीतून परत घ्यायच्या. नेहमीच्या अक्षराला एक टिंब, ठ, ढ, झ असल्या आडमुठ्या अक्षरांना चार. जितकी टिंबं तितके चिंचोके आपल्या वाटीत. एक सोंगटी कोरी, ती वाटेल त्या अक्षराच्या जागी चालते. जोडाक्षरांच्या भानगडीत अण्णा पडलाच नव्हता. काना, मात्रा, वेलांटीही त्यानं कोरली नव्हती, ती तोंडानं घालायची. म्हणजे सोंगट्या मांडल्या की शब्द मोठ्यानं म्हणायचा. म्हटल्याशिवाय तो लागला असं धरायचं नाही.

आणि मग समोरच्याला शब्द पटला नाही, तर "दाखव."

हा नियम प्रसादमुळे आला. पोरगं लबाड. चिंचोके मिळवायला वाटेल ते शब्द बनवायचं आणि वर म्हणायचं, आमच्या पुस्तकात आहे. अक्का काही पुस्तकं चाळत बसणारी नव्हती. तिनं नियमच करून टाकला, शब्द लावलास तर ती गोष्ट आणून दाखव. आणायसारखी नसली तर करून दाखव. दाखवता आली नाही तर स्वतःच्या हातानं सोंगट्या उचलायच्या, पिशवीत टाकायच्या आणि गप बसायचं.

पहिल्याच दिवशी तिनं म आणि ड लावलं आणि म्हणाली, "मुडी." मी म्हटलं, असा शब्द नाही. मी बाई ना शाळेची! अक्का उठली, घरी गेली. पाच मिनिटांनी आली ती डोक्यावर भाताच्या पेंढ्यांचा, दोरीनं करकचून आवळलेला गोल गठ्ठा घेऊन. आत बियाण्याचं भात. धाडकन माझ्या पायापुढे टाकला. माझ्या नव्या साडीवर ही एवढी धूळ. "ही मुडी. आता शाळेत जाऊन सांग पोरांना." सासूबाई पलंगावर हसून हसून आडव्या झाल्या.

एकदा तिनं लावलं 'रुसवा'. मला खोडी काढायची हुक्की आली, तळवा पुढे करून म्हटलं, "दाखव." ती सोंगट्या तशाच ठेवून उठून गेली. दोन दिवस आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुंपणावरून हाक मारली तर पाठ फिरवून कोंबड्यांशी बोलायला लागली. माझा जीव टांगणीला, काय चुकलं म्हणून. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला हजर. "दिसला न्हवं रुसवा? आण माझे चिंचोके."

मीही एकदा मोठ्या ऐटीत 'विकास' लावला. अक्काचा तळवा पुढे. मी दारासमोरच्या विजेच्या खांबाकडे बोट केलं.

"खांब दाखवू नको. दिवा लाव," ती म्हणाली.

वीज सकाळपासून गेलेली होती. मी निमूटपणे व, क, स उचलले.

तिच्या तोंडी विजेची गोष्ट हसण्यावारी निघायची, पण ती तशी नव्हती हे मला उशिरा कळलं. एका डावात तिनं चार सोंगट्या लावल्या आणि म्हणाली, "कोंडशेत."

"नावं चालत नाहीत अक्का. माणसांची नाही, गावांची नाही. तूच सांगितलंस."

"नाव न्हवं ते. माझं माहेर हाय."

मी हसत तळवा पुढे केला. "मग दाखव."

बोलून गेले आणि तिचा चेहरा बघून जीभ चावली. कोंडशेत विजेसाठी बांधलेल्या धरणात गेलं होतं. अक्का तेव्हा विशीतली. घराचे वासे, कौलं, देव, म्हशी सगळं ट्रकवर घालून माणसं रामनगरला आणली होती. मला हे माहीत असायला हवं होतं. या गावातली अर्धी माणसं तशीच आलेली. पण अक्का कधी बोलली नव्हती आणि मी कधी विचारलं नव्हतं.

"दाखवतो की," ती म्हणाली. "मे म्हयना येऊ दे. पाणी उतरलं की देवळाचा चौथरा उघडा पडतोय. तवर चिंचोके माझ्या वाटीत."

मे महिन्यात आम्ही खरंच गेलो. जोयड्याच्या रस्त्याला जीप सोडली आणि पायवाटेनं पाण्यापर्यंत उतरलो. अक्कानं नवं लुगडं नेसलं होतं, केळीच्या पानात नारळ आणि फुलं बांधून घेतली होती. पण त्या वर्षी पाणी उतरलंच नव्हतं. काठोकाठ, हिरवंगार, शांत. ती काठावर उभी राहून बोटानं दाखवत होती. "त्या तिथं देऊळ. त्याच्या अलीकडं आमची विहीर. न्हाई, थोडं हिकडं." मग बोट अडखळलं. तिलाच नक्की सांगता येईना. दुपारपर्यंत आम्ही बसलो, मी पाण्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे, मला दिसतंय का ते. मला काय दिसणार? नारळ तिनं तसाच पाण्यात सोडला.

घरी आल्यावर आधी तिनं वाटी घेतली. कोंडशेतचे चिंचोके मोजून माझ्यापुढे ठेवले.

"अक्का, अगं राहू दे. मला पटलं ते."

"तुला पटून काय करायचं? दाखवता आलं न्हाई. उचलायचं."

त्या दिवशी मला तिचा राग आला होता. इतकं कशाला ताणायचं माणसानं? खेळच तर आहे. आता वाटतं, तिला दुसरं काही धरून राहायला होतं तरी काय.

गेल्या वर्षी गणपती गेले त्याच आठवड्यात अक्का विहिरीच्या कठड्याशी पडली. सकाळी कोंबड्या ओरडायला लागल्या म्हणून मी कुंपणातून वाकून बघितलं. जीप मिळवून बेळगावला नेईपर्यंत कित्येक तास गेले. जीव वाचला. अर्धांगानं उजवा हात आणि पाय गेला, आणि जीभ गेली. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, सगळं कळतंय, फक्त बोलता येणार नाही. फक्त! त्या डॉक्टरांनी अक्काला बोलताना ऐकलं असतं तर हा शब्द वापरला नसता.

प्रसाद बंगळूरहून धावत आला. त्याच्याविषयी वाईट बोलायला मला जागा नाही. महिनाभर तो इथं राहिला. रेंज मिळावी म्हणून लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसून काम करायचा, मध्येच खाली येऊन आईला कूस बदलून द्यायचा. आणि आम्ही दोघं बाई शोधत होतो, रात्रंदिवस अक्काजवळ राहणारी. मी शाळेतल्या पालकांना विचारलं, पार कुंभारवाडा गावापर्यंत निरोप धाडले. दिवसा यायला एकदोघी तयार होत्या, संध्याकाळच्या बसनं परत जाणार. राहायला कुणीच नाही. प्रत्येकीच्या घरी कुणीतरी अंथरुणावर होतं नाहीतर अंगावरचं पोर होतं.

माझ्याही घरी होतंच की. सासूबाईंनी मागच्या उन्हाळ्यापासून पलंग धरला होता. त्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं आणि साडेनऊला शाळा गाठायची. मधल्या सुट्टीत पळत यायचं. दोन म्हाताऱ्या एकटीनं? मी रोज हिशेब मांडायची आणि रोज माझं मलाच उत्तर यायचं, नाही जमणार. ते उत्तर खोटं नव्हतं. तरी ते मनात आलं की मला माझीच लाज वाटायची.

एक दिवस मी फळी घेऊन गेले. अक्काला उशीला टेकवून बसवलं, फळी मांडीवर ठेवली, पिशवी पूर्ण रिकामी केली. तिनं सोंगट्यांकडे बघितलं. मग डावा हात हळूच उचलला आणि बोटानं ढकलत ढकलत दोन सोंगट्या लाल घरापाशी आणल्या. च आणि ह.

"चहा!" मी ओरडलेच. "चहा हवाय तुला?"

अर्ध्या तोंडानं ती हसली. लाळ गळली, ती मी पुसली, आणि चहा टाकायला गेले ते चुलीपाशी रडून घेतलं.

मग रोजचं झालं. शाळा सुटली की तासभर मी तिच्याजवळ. अक्षरं तिची, तोंड माझं. ती लावायची, काना-मात्रा घालून मी म्हणायची, बरोबर असलं की ती डोळे मिटायची. 'मीठ' लावलं म्हणजे आमटी आळणी झाली. 'खिडकी' लावलं म्हणजे उघड. एकदा 'ताक' आणि 'लबाड' लावून दिवसा येणाऱ्या बाईकडे बोट केलं. मी म्हटलं, "ताक पिऊन टाकलं का तिनं? पटत नाही." आणि मुद्दाम तळवा पुढे केला. अक्कानं पलंगाखालचं ताकाचं रिकामं भांडं डाव्या हातानं ओढून दाखवलं. चिंचोके मोजून घेतले. मला वाटायला लागलं, निभेल असंच. वेड्यासारखं वाटायला लागलं.

प्रसादची इथून काम करायची मुदत संपत आली. एका संध्याकाळी कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "वहिनी, रविवारी नेतो आईला. तिथं दवाखाना जवळ आहे, दिवसाची नि रात्रीची बाई मिळते. मला तरी दुसरं काय दिसत नाही. तुम्हाला दिसतंय का?"

मला नव्हतं दिसत. मी मान हलवली. त्यानं आईलाही सांगितलं. पुढचे तीन दिवस तिनं फळीला हात लावला नाही.

रविवारी सकाळी गाडी दारात आली. सामान चढलं. शेजारपाजारच्या बायका नमस्कार करून गेल्या. प्रसाद म्हणाला, "चल आई." तेव्हा अक्कानं डावा हात उचलून कोपऱ्यात बोट केलं. फळी.

"एक डाव?" प्रसाद हसला. किती दिवसांनी हसला होता. "बघा वहिनी, हिला अजून खेळायचंय. खेळ आई, आहे वेळ."

मी फळी तिच्या मांडीवर ठेवली, सोंगट्या ओतल्या. ती शोधत होती. सोंगट्या पडत होत्या, मी उचलून देत होते. तीन सोंगट्या तिनं लाल घरावर आणून ठेवल्या. र, ह, त. आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मला कळलं होतं. पण म्हणायचं कुणी? मीच. तिचं तोंड मी.

"राहते," मी म्हटलं. "इथं राहते म्हणतेय, प्रसाद."

अक्कानं डोळे मिटले. बरोबर.

प्रसाद तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. मग त्याचा हात पुढे आला, तळवा वर. लहानपणी हजार वेळा ज्या तळव्यापुढे तो हरला होता, तोच.

"कुणाजवळ राहतेस आई? दाखव."

तो टोमणा नव्हता. तो तिला विनवत होता. तिनं दाखवलं असतं तर त्यानं त्याच क्षणी सामान उतरवलं असतं, हे मी शपथेवर सांगते.

अक्कानं आधी घरात बघितलं. भिंतीवर अण्णाचा फोटो. मग दारातून बाहेर, विहिरीकडे, रस्त्याकडे. मग तिची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली. ती काही मागत नव्हती, तशी बाईच नव्हती ती. नुसती बघत होती. आणि पलीकडून, आमच्या घरातून, सासूबाईंची हाक आली, "अगं ए, कुठं गेलीस? भिजलंय गं सगळं."

एक शब्द लागत होता. 'माझ्याजवळ.' मी इतकी वर्षं मुलांना शब्द शिकवते. तो एक शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. मी खाली बघितलं.

मग मला सोंगट्यांचा आवाज आला. अक्का उचलत होती. प्रसाद "राहू दे, आई, राहू दे" म्हणत होता, पण तिनं ऐकलं नाही. डाव्या हातानं आधी त उचलला, पिशवीत टाकला. मग ह. र हातातून निसटला, तो तिनं पुन्हा शोधून घेतला आणि टाकला. पिशवीची नाडी एका हातानं ओढता येईना, तर दातात धरून ओढली. आणि पिशवी माझ्या हातात दिली.

गाडी वळणापर्यंत दिसत होती. मी घरी गेले आणि सासूबाईंची चादर बदलली.

फळी आता माझ्याकडे आहे. प्रसाद ती नेणार होता, पण म्हणाला, आईनं पिशवी तुमच्या हातात दिली, तेव्हा फळी तुमच्याकडेच राहू दे. बंगळूरला तिला दोन बायका सांभाळतात. दोघी चांगल्या आहेत, कन्नड बोलतात, अक्काला कन्नड उत्तम समजतं. प्रसादनं तिथं नवी अक्षरं आणून दिली, प्लास्टिकची, रंगीत. तिनं हात लावला नाही.

दर रविवारी प्रसाद व्हिडिओ कॉल लावतो. मी इकडच्या चार गोष्टी सांगते. फणस धरलाय, कोंबडी खुडूक बसलीय, विहिरीचं पाणी गोड आहे अजून. माझं बोलून झालं की अक्काचा डावा तळवा पडद्यावर येतो. मग मी फोन उलटा करते आणि कुंपण ओलांडून जाते. फणस दाखवते, कोंबडी दाखवते, विहिरीत वाकून पाणी दाखवते, दार दाखवते, दाराचं कुलूप दाखवते. आणि फोन पुन्हा माझ्याकडे वळवते.

तळवा तसाच पुढे असतो.